रत्नवेलू हीरो कसा झाला

मारी सेल्वराज यांचा 'मामन्नन' हा तमिळ चित्रपट २९ जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. राखीव मतदारसंघातून निवडून येणारा एक दलित आमदार, त्याचा मुलगा, आणि या बापलेकांनी आपल्यासमोर खुर्चीत बसणं ज्याला सहन होत नाही असा वरचढ जातीतला तरुण पुढारी रत्नवेलू, यांच्या संघर्षाची ही गोष्ट. आमदाराच्या भूमिकेत वडिवेलू, मुलगा उदयनिधी स्टॅलिन आणि रत्नवेलू फहाद फाझिल. हा रत्नवेलू शर्यत हरलेल्या आपल्याच कुत्र्याला मरेस्तोवर मारतो. चित्रपट कोणाच्या बाजूने उभा आहे, याबद्दल शंकेला जागाच नाही.

महिन्याभराने, २७ जुलैला, तो नेटफ्लिक्सवर आला. त्याबरोबर तो पोरांच्या मोबाइलमध्येही आला, आणि बघता बघता तमिळ सोशल मीडियावर रत्नवेलूच्या 'एडिट्स'चा पूर लोटला. एडिट म्हणजे पंधरा-वीस सेकंदांची क्लिप. गाडीतून उतरणारा रत्नवेलू, रोखून बघणारा रत्नवेलू, माणसांच्या घोळक्यातून चालत येणारा रत्नवेलू. वेग कमी केलेला, रंग गडद केलेले, संवाद काढून टाकलेले आणि मागे जातीचा अभिमान मिरवणारं गाणं. गंमत म्हणून कोणी एकाने केलं आणि संपलं, असं झालं नाही. वेगवेगळ्या जातींच्या पोरांनी आपापलं गाणं लावून रत्नवेलूला आपापल्या जातीचा करून घेतलं. दिग्दर्शकाने अडीच तासांत जे उभं केलं होतं, ते वीस सेकंदांत उलटं झालं. त्यासाठी एकही दृश्य नव्याने चित्रित करावं लागलं नाही. दृश्यं तीच, नट तोच. बदलला तो क्रम आणि आवाज.

त्याच ऑगस्टच्या ९ तारखेला तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरी इथे बारावीत शिकणाऱ्या एका दलित मुलावर त्याच्या घरात घुसून कोयत्याने वार झाले. मध्ये पडलेली त्याची धाकटी बहीणही जखमी झाली. वार करणारे त्याच्याच शाळेतले होते. शाळेत आपल्याला त्रास दिला जातो, अशी तक्रार त्याने केली होती. या घटनेचा आणि त्या एडिट्सचा थेट संबंध होता, असं म्हणायला कुठलाही पुरावा नाही आणि मी तो जोडणार नाही. मात्र दोन्हीकडची मुलं एकाच वयाची आहेत आणि त्यांच्या हातातले मोबाइल एकाच हवेत उघडतात. तमिळनाडूतल्या शाळांत मुलं जातीच्या रंगांचे गंडे मनगटावर बांधून येतात, ही गोष्ट जुनी. नांगुनेरीनंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली. 'जय भीम' चित्रपटातला वकील ज्यांच्यावर बेतला आहे, ते हेच. जून २०२४ मध्ये त्यांनी अहवाल दिला आणि गंडे, अंगठ्या, कपाळावरच्या जातदर्शक खुणा यांवर शाळेत बंदी घालावी अशी शिफारस केली. मनगटावरचा गंडा शाळेच्या फाटकात काढून घेता येतो. स्टेटसला लावलेला रत्नवेलू कोण काढणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांना याबद्दल शिकवायचं तर उपदेशाच्या आधी संकलन शिकवावं. दोन दृश्यं जोडली की तिसराच अर्थ कसा तयार होतो, कापलेल्या जागी काय होतं, मागचं संगीत काढलं तर काय उरतं, हे एकदा हाताने करून पाहिलेल्या मुलाला पुढची रील वेगळी दिसते. यासाठी माहितीपटाइतकं चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही आणि हे काम चेन्नईतून सुरू होऊ शकतं, असं मानायला कारणं आहेत.

आधी एक समज दूर करायला हवा. पोरं कट्टर होतात ती कोणाचं तरी भाषण ऐकून, असं पालकांना आणि पोलिसांना वाटतं. भाषणं करणारे असतातच, पण पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा आत शिरतं ते विनोदाच्या, गाण्याच्या किंवा टोळीतल्या मानाच्या दारातून. चेन्नईत कॉलेजच्या मुलांमध्ये 'रूट तला' नावाचा प्रकार आहे. ठरावीक मार्गावरच्या बसने किंवा लोकलने येणाऱ्या मुलांचा एक म्होरक्या असतो, तो त्या रूटचा 'तला', म्हणजे डोकं. बसच्या टपावर चढून गाणी म्हणणं, 'बस डे' साजरा करणं इथून ते सुरू होतं आणि दुसऱ्या कॉलेजच्या मुलांवर कोयते उगारण्यापर्यंत जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजचा एक १९ वर्षांचा विद्यार्थी पच्चयप्पा कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या मारहाणीत जखमी झाला आणि काही दिवसांनी दगावला. या भांडणात ना धर्म होता ना विचारसरणी. आपलं कॉलेज, आपला रूट आणि आपला दरारा, एवढंच. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या वाचलेल्यांना हे परकं वाटणार नाही. कोयता हातात घेऊन रील करणारी पोरं पुण्यातही आहेत आणि चेन्नईतही.

आता त्या दराऱ्याला एक शत्रू दिला की काम झालं. जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' नावाचं ॲप उघडकीला आलं. मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा 'लिलाव' मांडणारं. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने पकडलेल्यांत उत्तराखंडमधली एक १८ वर्षांची मुलगी होती आणि बंगळुरूहून उचललेला २१ वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. एरवी कुठल्याही क्लासमध्ये पुढच्या बाकावर दिसतील अशी मुलं. त्याआधी, मे २०१४ मध्ये, कल्याणचे चार तरुण यात्रेच्या नावाखाली बगदादला गेले आणि आयसिसला जाऊन मिळाले. त्यांच्या डोक्यात जे भरलं गेलं त्यात इंटरनेटचा मोठा हात होता. धर्म वेगळा, बाजू वेगळी, पण वाट ओळखीची आहे. आधी हसू, मग 'आपली माणसं', मग 'त्यांची' चीड, आणि शेवटी एखादं असं कृत्य की घरच्यांनी कपाळावर हात मारावा.

मीम या प्रकाराकडे मोठी माणसं पोरखेळ म्हणून बघतात. त्यांनी आर्थर जोन्स यांचा 'फील्स गुड मॅन' हा २०२० चा माहितीपट पाहावा. मॅट फ्युरी या चित्रकाराने २००५ च्या सुमाराला पेपे नावाचा एक आळशी, सुशेगाद बेडूक काढला. इंटरनेटवरच्या पोरांनी तो उचलला. आधी तो उदास झाला, मग खुनशी झाला, मग वर्णद्वेष्ट्यांनी त्याला आपल्या झेंड्यावर नेलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीगने त्याची नोंद द्वेषचिन्हांमध्ये केली. २०१९ मध्ये तोच बेडूक हाँगकाँगच्या रस्त्यांवर लोकशाही मागणाऱ्या मुलांच्या हातातल्या फलकांवर होता. चित्र काढणारा माणूस या सगळ्यात हताश होऊन आपला बेडूक परत मागत फिरतो. चेन्नईतल्या मुलांना रत्नवेलूनंतर हा माहितीपट दाखवला, तर वेगळं समजावून सांगायची गरज पडणार नाही.

पण माहितीपट म्हणजे सत्य, अशी बाळबोध श्रद्धा मुलांना देऊ नये. ती दिली तर आपणच त्यांना खड्ड्यात ढकलतो. इंटरनेटवरच्या अफवा आणि कटकारस्थानांच्या कथा बहुतेक वेळा माहितीपटाचाच वेष घालून येतात. गंभीर आवाजातलं निवेदन, जुने फोटो, कागदपत्रांवर फिरणारा कॅमेरा, कोणीतरी 'तज्ज्ञ'. मे २०२० मध्ये कोविडबद्दलच्या खोट्या दाव्यांनी भरलेला 'प्लॅन्डेमिक' हा २६ मिनिटांचा व्हिडिओ जगभर फिरला, तो याच वेषात. लेनी रीफेनश्टालचा 'ट्रायम्फ ऑफ द विल' (१९३५) आजही चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना दाखवतात, कारण कॅमेरा कुठे ठेवला की हिटलर देवासारखा दिसतो हे त्यात कळतं. माहितीपटांचा आद्यपुरुष मानल्या जाणाऱ्या रॉबर्ट फ्लॅहर्टीने त्याच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये (१९२२) इग्लूच्या आतली दृश्यं घेण्यासाठी अर्धा कापलेला इग्लू बांधून घेतला होता, कारण पूर्ण इग्लूत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड नव्हता. हे सगळं मुलांना सांगावं. माहितीपट हाही कोणीतरी निवडून, कापून, जोडून केलेला असतो. चांगला माहितीपट तुम्हाला शिवण दाखवतो, वाईट माहितीपट ती लपवतो.

शिवण लपवल्याने काय होतं, हे महाराष्ट्राने आणि तमिळनाडूने एकाच वर्षी पाहिलं. कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक लहानशी जागृतीफीत केली होती. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून पळतात. पुढच्याच क्षणी ते परत येतात, मुलाला सोडतात आणि हातातला फलक दाखवतात: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षणही पुरतो, तेव्हा लक्ष ठेवा. २०१८ मध्ये भारतभर व्हॉट्सॲपवर ही फीत फिरली, पण शेवट कापून. मुलाला सोडणं गेलं, फलक गेला. उरलं फक्त मूल पळवणं, आणि सोबत 'आपल्या भागात टोळी आली आहे' असा मजकूर. त्या वर्षीच्या ९ मे रोजी तिरुवण्णामलै जिल्ह्यात अत्तिमूर इथे, नातेवाइकांसोबत कुलदैवताच्या दर्शनाला चेन्नईहून आलेल्या ६५ वर्षांच्या बाईंना जमावाने मारून टाकलं. त्यांनी एका लहान मुलाला चॉकलेट दिलं होतं. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचण्यात आलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा अशा कितीतरी क्लिपांवर पोसल्या होत्या. त्यातल्या या एका क्लिपमध्ये खोटं दृश्य एकही नव्हतं. कापला होता तो शेवट.

महिन्याभरात व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. मार्च २०२३ मध्ये पुन्हा तेच घडलं, या वेळी तमिळनाडूत बिहारी मजुरांना मारहाण होते अशा अफवांनी. इतर राज्यांतल्या, वेगळ्या कारणांनी झालेल्या हाणामाऱ्यांच्या क्लिपा तमिळनाडूच्या म्हणून फिरल्या. एक व्हिडिओ तर पाटण्यातच भाड्याच्या खोलीत नट उभे करून चित्रित केला होता, असं बिहार पोलिसांच्या तपासात पुढे आलं. तमिळनाडूचे पोलीस महासंचालक शैलेंद्र बाबू यांना स्वतः व्हिडिओ काढून मजुरांना धीर द्यावा लागला, आणि बिहारहून अधिकाऱ्यांचं पथक पाहणीला आलं.

हे रोखायला काय उपयोगी पडतं, याचा पुरावा बिहारमधूनच आला आहे आणि तो प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावा असा आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये १,२२४ प्रौढांवर एक प्रयोग केला. त्यातल्या काहींना घरी जाऊन तासभर समोरासमोर बसून खोटी बातमी कशी ओळखावी हे शिकवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एकंदरीत काही फरक पडला नाही. एवढंच काय, ठरावीक पक्षाच्या समर्थकांमध्ये त्यांच्या सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता उलट घटली. नंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा प्रयोग केला, या वेळी शाळकरी मुलांबरोबर. ५८३ गावांतली १३,५०० हून अधिक मुलं, राज्य सरकारची साथ, गावातल्या ग्रंथालयांत वर्ग आणि चौदा आठवड्यांचा काळ. मुलांची खरं-खोटं पारखण्याची क्षमता वाढली, चार महिन्यांनंतरही ती टिकून होती, आणि त्यांच्या पालकांमध्येही फरक दिसला. २०२२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी गुगलच्या जिगसॉ विभागाबरोबर यूट्यूबवर दीड-दीड मिनिटाच्या फिती दाखवून पाहिल्या. भावना भडकवणं, बळीचा बकरा शोधणं अशा युक्त्या त्यांत उघड केल्या होत्या. त्या फिती पाहिल्यावर युक्ती ओळखणाऱ्यांचं प्रमाण सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी वाढलं. फरक आहे, पण बेताचा.

म्हणजे शनिवारी सभागृहात सगळ्या वर्गांना एकत्र बसवायचं, पोलीस ठाण्यातून साहेबांना बोलवायचं, 'सायबर जनजागृती'ची फीत लावायची, टाळ्या, चहा, फोटो, आणि अहवाल वर पाठवायचा, या कार्यक्रमातून फारसं काही निघत नाही. मला याची चीड येते, कारण त्यातली माणसं प्रामाणिक असतात आणि वेळ वाया जातो तो मुलांचा. केरळात कन्नूर जिल्ह्याने २०१८ मध्येच सुमारे १५० सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाने खोट्या बातम्यांवर वर्ग सुरू केले. वर्ग म्हणजे वर्ग: वेळापत्रकात तास, शिकवणारा नेहमीचा शिक्षक.

चेन्नईचं म्हणाल तर तिथे अर्धं काम झालेलं आहे. तमिळनाडूच्या शालेय शिक्षण विभागाने २०२२ मध्ये सरकारी शाळांत 'सिरार तिरैप्पड विळा', म्हणजे बालचित्रपट महोत्सव, सुरू केला. दर महिन्याला सहावी ते नववीच्या मुलांना एक चित्रपट दाखवायचा, नंतर त्यावर वर्गात बोलायचं, मुलांनी लिहायचं, आणि चांगलं लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना पुढच्या पातळीवर न्यायचं. सुरुवात झाली ती आल्बेर लामोरीस यांच्या 'द रेड बलून'ने, १९५६ च्या, जवळजवळ शब्दच नसलेल्या फ्रेंच लघुपटाने. एक लहान मुलगा, एक लाल फुगा, आणि फुगा फोडायला टपलेली पोरांची टोळी. टोळी म्हणजे काय आणि ती एकट्याचं काय करते, यावर बारा वर्षांच्या मुलांशी बोलायला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. सरकारी शाळेत हा सिनेमा निवडणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते. याच चौकटीत नववी-दहावीसाठी माहितीपट आणायला नवी इमारत लागत नाही की नवं खातं.

माहितीपटवालेही या शहरात आहेत. अमुदन आर. पी. यांनी १९९८ मध्ये मदुरैत माहितीपट आणि लघुपटांचा महोत्सव सुरू केला. त्यांची 'मरुपक्कम' ही संस्था चेन्नईतही असा महोत्सव भरवते. मरुपक्कम म्हणजे दुसरी बाजू. मदुरैत हाताने मैला साफ करणाऱ्या बाईवर त्यांनी २००३ मध्ये केलेला माहितीपट पाहिलेला माणूस स्वच्छतेच्या जाहिरातीकडे पूर्वीसारखं बघू शकत नाही. या शहराची परंपरा त्याहून जुनी आहे. ए. के. चेट्टियार यांनी जगभर फिरून, ठिकठिकाणच्या लोकांनी टिपलेली सुमारे ५०,००० फूट फिल्म गोळा केली आणि १९४० मध्ये गांधीजींवर तमिळमध्ये पूर्ण लांबीचा माहितीपट केला. दुसऱ्यांनी घेतलेल्या तुकड्यांतून सिनेमा जोडणं, हे काम एडिट करणारी पोरं आज करतात. चेट्टियारांनी ते तुकडे मिळवायला वर्षं घालवली.

कुठले माहितीपट दाखवावेत, यावर प्रत्येकाची यादी वेगळी असेल. माझ्या मते पहिला निशा पाहुजा यांचा 'द वर्ल्ड बिफोर हर' (२०१२). एकीकडे मुंबईत मिस इंडिया स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुली, दुसरीकडे औरंगाबादेत दुर्गा वाहिनीच्या शिबिरात लाठी आणि बंदूक चालवायला शिकणाऱ्या मुली. शिबिरातली एक तरुण शिक्षिका कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलते. वडिलांनी लहानपणी तापलेल्या सळईने चटका दिला होता, हे सांगते. आणि मुलगी असूनही त्यांनी मला जगू दिलं म्हणून मी त्यांची ऋणी आहे, असंही सांगते. तिला लग्न नको आहे, शिबिरात मिळणारा मान हवा आहे. हा प्रसंग वर्गात थांबवून बोलावं. तिला तिथे जी ताकद मिळते ती खोटी नाही. घरात, शेजारात, शाळेत तिला ती दुसऱ्या कोणी देऊ केली नाही. शिक्षकाने इथे 'बघा, कशी बहकली' म्हटलं की तास संपला. ज्या मुलांना आपलीही तशीच उपेक्षा होते असं वाटतं, ती तिथेच मिटतात.

मुलग्यांसाठी आनंद पटवर्धन यांचा 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' (१९९५) हवा. त्याचा दुसरा भाग पुरुषत्वाच्या कल्पनेचा माग घेतो: रस्त्यावर मर्दानगीची औषधं विकणारे, पडद्यावरचे पिळदार नायक, आणि दंगलीत 'बांगड्या भरल्यात का' म्हणून हिणवली जाणारी पोरं. आज इन्स्टाग्रामवर 'खरा पुरुष' व्हायला शिकवणाऱ्यांची जी दुकानं आहेत, त्यांचे पूर्वज तिथे दिसतात. दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट २००६ मध्ये न्यायालयाने तो दाखवण्याचा आदेश दिला. अडचण अशी की मुलग्यांना सर्वांत उपयोगी पडेल त्या दुसऱ्याच भागाला सेन्सॉरचं 'ए' प्रमाणपत्र आहे, म्हणजे अठरा वर्षांखालच्यांना तो दाखवता येत नाही. शिक्षकांनी तो स्वतः पाहून त्यातले मुद्दे वर्गात आणावेत, एवढंच करता येतं. ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये 'अडोलसन्स' ही १३ वर्षांच्या मुलाच्या हातून झालेल्या खुनाची मालिका माध्यमिक शाळांना मोफत दाखवायची सोय झाली, पंतप्रधानांनी तिचं समर्थन केलं. ती काल्पनिक आहे, पण त्या वयाच्या मुलांच्या जगाबद्दल त्या वयाच्या मुलांशीच बोलायचं, एवढं तरी तिथे मान्य झालं.

आणि 'जय भीम कॉम्रेड' (२०११). ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी पुढची चौदा वर्षं या गोष्टीचा माग घेतला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असं पोलिसांचं म्हणणं होतं आणि त्यासाठी एक व्हिडिओही पुढे केला गेला. माहितीपट तो व्हिडिओ शांतपणे तपासतो. टँकर कुठे होते, गोळ्या कुठे झाडल्या, ही दोन दृश्यं शेजारी ठेवल्यामुळे ती एकाच जागची कशी वाटली. गोळीबाराची चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगानेही टँकरची ही गोष्ट मानली नाही. सुमारे तीन तासांचा सिनेमा आहे, शाळेत सलग दाखवणं जमणार नाही. पण हा भाग दाखवावा. व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधी, कोणतंही ॲप नसताना, हेच कसब कसं वापरलं गेलं, हे मराठी मुलांना त्यांच्याच भाषेत कळतं.

मात्र नुसतं पाहणं पुरत नाही. आता हातात कात्री घ्यायची वेळ. १९२० च्या आसपास मॉस्कोत लेव कुलेशोव्हने मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला आळीपाळीने सूपाचं ताट, शवपेटी आणि एक स्त्री यांची दृश्यं जोडली. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि वासना दिसली. हा प्रयोग आज नववीतलं पोरगं मोबाइलमधल्या इनशॉट या एडिटिंग ॲपवर दहा मिनिटांत करू शकतं. ॲप त्याला शिक्षकापेक्षा चांगलं येतं, आणि ही गोष्ट तासाच्या फायद्याचीच आहे.

समजा शाळेतल्या दुपारच्या जेवणाची रांग चित्रित केली. ताट घेऊन उभी मुलं, वाढणाऱ्या मावशी, सांडलेला भात, हसणारी दोघं, कोपऱ्यात एकटं बसलेलं एक पोर. वीसेक दृश्यं. वर्गाचे दोन गट करायचे आणि दोघांना तीच दृश्यं द्यायची, नवीन काही घ्यायचं नाही. एका गटाने 'आमच्या शाळेचं जेवण' ही अभिमानाची फीत करायची, दुसऱ्याने 'इथे पंक्तिभेद होतो' असा संशय येईल अशी. दोन्ही फिती पाठोपाठ दाखवायच्या, आधी आवाजासह, मग आवाज बंद करून. कोपऱ्यातलं पोर पहिल्या फितीत बहुतेक नसेल आणि दुसऱ्या फितीत तीन वेळा असेल. मग वर्गाने मोजायचं, कोणतं दृश्य कोणी वगळलं, कुठे कट मारला, संगीत कुठे सुरू झालं. आणि मग त्या पोराला विचारायचं की तू तिथे एकटा का बसला होतास. कदाचित त्याला ताप असेल. कदाचित खरोखरच कोणी त्याला शेजारी बसू देत नसेल. ते कुठल्याच एडिटमधून कळणार नाही, त्याच्याजवळ जाऊन बसावं लागेल. हा तास झाल्यावर रत्नवेलूची क्लिप लावावी आणि मुलांनाच विचारावं, यात काय कापलंय.

एका तासात हे होणार नाही, चौदा आठवडे लागतील. आणि जी मुलं आधीच एखाद्या टोळीत खोल गेली आहेत, त्यांच्यासाठी हे पुरणार नाही. त्यांना ऐकून घेणारं माणूस लागतं. नॉर्वेत वाढलेल्या दिग्दर्शिका दीया खान 'व्हाइट राइट' (२०१७) करताना अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्यांच्या घरी जाऊन बसल्या, आपल्याला आलेली द्वेषाची पत्रं दाखवून त्यांना प्रश्न विचारत राहिल्या. त्यातल्या काहींनी पुढे ती चळवळ सोडली. असं काम शाळेच्या तासाला येणाऱ्या शिक्षकाच्या माथी मारू नये. तिथे समुपदेशक हवा, आणि तमिळनाडू असो की महाराष्ट्र, सरकारी शाळांत तो सहज मिळत नाही.

वर्गापुरता एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावा, माहितीपट करणारी चांगली माणसं तो पाळतात. ज्याचं चित्रण केलं, त्याला फीत आधी दाखवायची, सगळ्यांच्या आधी. 'जय भीम कॉम्रेड' तयार झाल्यावर पटवर्धनांनी तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, ज्यांच्याबद्दल तो होता त्या लोकांमध्ये पडदा लावून दाखवला. जेवणाच्या रांगेची फीत केली असेल तर ती पहिल्यांदा वाढणाऱ्या मावशींना आणि कोपऱ्यातल्या त्या पोराला दाखवावी. त्यांनी 'असं नव्हतं' म्हटलं, तर बदलावी आणि पुन्हा दाखवावी.